टॅरो शिकताना : पत्ते, प्रश्न आणि उत्तराची जबाबदारी

गुढीपाडव्याला नव्या पंचांगाचे वाचन होते. कोणत्या नक्षत्राचे वाहन कोणते, हत्ती की कोल्हा, मोर की बेडूक, यावरून पावसाचा अदमास बांधला जातो. पहाटे पिंगळा येतो, सुगीत नंदीबैलवाला येतो, आणि बाजाराच्या दिवशी एखाद्या झाडाखाली पोपटवाला ज्योतिषी पाकिटांची ओळ मांडून बसतो. पिंजऱ्यातून बाहेर आलेला पोपट चोचीने एक पाकीट ओढतो आणि समोरचा माणूस श्वास रोखून चित्राकडे पाहतो. जालना जिल्ह्यातल्या कोणाही मध्यमवयीन माणसाला ही दृश्ये नव्याने सांगावी लागत नाहीत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे तर अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात 'घटमांडणी' होते. वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर आणि खाद्यपदार्थ अशी ती मांडणी असते. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातील बदल पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते.

या पार्श्वभूमीवर टॅरोचे पत्ते आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. ठरावीक चिन्हे, त्यांची ठरावीक जागी केलेली मांडणी आणि ती वाचणारा माणूस, ही चौकट तीच आहे. केवळ चित्रे युरोपातली आहेत. नव्वदच्या दशकानंतर मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून टॅरो घराघरांत पोहोचला. आता हे पत्ते घरपोच मिळतात आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपासून निवृत्तांपर्यंत अनेकांना ते स्वतः शिकून पाहावेसे वाटतात. अशा नवशिक्यासाठी टॅरोचा इतिहास, पत्त्यांची रचना, ते हाताळण्याची व वाचण्याची पद्धत आणि या वाचनाच्या मर्यादा यांची ही प्राथमिक ओळख.

मूळ खेळाचे, भविष्याचे नव्हे

टॅरोविषयी सर्वाधिक पसरलेला गैरसमज म्हणजे तो प्राचीन इजिप्तमधील गूढ ज्ञानाचा ग्रंथ आहे. उपलब्ध पुरावा वेगळेच सांगतो. टॅरोचा उगम इटलीच्या उत्तर भागात, साधारण १४४० च्या सुमारास झाला आणि तो एक पत्त्यांचा खेळ होता. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या राजघराण्यांसाठी हाताने रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले पंधराव्या शतकातील पत्ते आजही निरनिराळ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. नेहमीच्या चार रंगांच्या पानांत हुकमाची सचित्र पाने मिसळून हा खेळ खेळला जाई. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात या घराण्यातले खेळ आजही खेळले जातात. ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या खेळाचा इतिहास साक्षेपाने मांडला आहे.

मग इजिप्त कुठून आला? १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथात, टॅरो म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचे दडवलेले ज्ञान होय, असे लिहून टाकले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँने तिचा उलगडा केला तो १८२२ साली. म्हणजे दावा आधी झाला आणि तो तपासण्याचे साधन चाळीस वर्षांनी आले. लिपी वाचता आल्यावर त्यात टॅरोचा मागमूसही सापडला नाही; तोवर कथा मात्र रुजली होती. त्याच काळात 'एतेला' या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॅरिसमधील एका गृहस्थाने टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. भविष्यकथनाचे साधन म्हणून टॅरोचे वय त्यामुळे सुमारे अडीचशे वर्षांचेच ठरते.

आज नवशिक्याच्या हाती सहसा जो कॅट पडतो तो त्याहूनही अलीकडचा, १९०९ सालचा आहे. लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेने तो काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. त्याआधीच्या बहुतेक कॅटमध्ये साध्या पानांवर नुसतीच चिन्हे असत. पाच पेल्यांच्या पानावर पाच पेले, एवढेच. स्मिथबाईंनी प्रत्येक पानावर माणसे, निसर्ग आणि प्रसंग रंगवले, म्हणूनच या पानांचे 'वाचन' करणे सोपे झाले. या कामाचा मोबदला फार थोडा मिळाल्याचे त्यांनी त्याच वर्षी एका परिचिताला पत्रातून कळवले होते. कॅटला अनेक वर्षे प्रकाशक आणि लेखक यांचेच नाव चिकटून राहिले. चित्रकर्तीची सर्पाकार सही मात्र पानांच्या कोपऱ्यात आहे. ती शोधून पाहणे हा चित्र नीट न्याहाळण्याचा पहिला धडा ठरावा.

आपल्याकडचे पत्ते : गंजिफा

महाराष्ट्रालाही सचित्र पत्त्यांची स्वतःची परंपरा आहे, ती म्हणजे सावंतवाडीचा गंजिफा. बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची १५२७ सालची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. देशी परंपरेत दशावतारांचे दहा रंग झाले. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून १२० गोल पत्ते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच चित्रकारांना बसवून ही लोपत चाललेली कला पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडी गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

टॅरो आणि गंजिफा यांच्यात एक दूरचे नातेही दिसते. इजिप्तमधील मामलुक राजवटीच्या पत्त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग होते. इटलीच्या पत्त्यांनी तेच उचलले. मोगल गंजिफातही शमशेर म्हणजे तलवार, सफेद म्हणजे चांदीचे नाणे आणि सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे हे रंग आढळतात. साक्षात विष्णूचे दहा अवतार ज्या पानांवर रंगवले, ती पाने आपल्याकडे प्रामुख्याने करमणुकीसाठीच खेळली गेली. पानावर गंभीर चित्र आहे म्हणून पान गूढ होत नाही. त्याला गूढपणा देतो तो वापरणारा. टॅरोचा अभ्यास सुरू करताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

७८ पानांची रचना

टॅरोच्या पूर्ण कॅटमध्ये ७८ पाने असतात आणि त्यांचे दोन भाग पडतात. पहिल्याला 'मेजर आर्काना' म्हणतात. यात शून्य ते एकवीस अशी २२ सचित्र पाने आहेत. शून्य क्रमांकाचा 'फूल' हा कड्याच्या टोकावर उभा असलेला निश्चिंत वाटसरू. खांद्यावर काठीला बांधलेले गाठोडे, हातात पांढरे फूल, पायाशी उड्या मारणारे कुत्रे. त्यानंतर जादूगार, धर्मगुरू, प्रेमिक, रथ, एकांतवासी, दैवचक्र, न्याय, मृत्यू, मनोरा, तारा, चंद्र, सूर्य असे टप्पे घेत ही मालिका एकविसाव्या 'वर्ल्ड' म्हणजे जगत् या पानावर संपते. आयुष्यातील मोठी वळणे या पानांतून सूचित होतात, असे मानले जाते.

दुसरा भाग 'मायनर आर्काना'. यातील ५६ पाने आपल्या नेहमीच्या पत्त्यांची भावंडेच आहेत. चार रंग आणि प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. इस्पिक-बदामच्या कॅटमध्ये गुलाम, राणी, राजा अशी तीन चित्रे असतात. येथे सेवक, स्वार, राणी आणि राजा अशी चार आहेत. म्हणून एका रंगात चौदा पाने होतात. रंगांचे रूढ संकेत पुढीलप्रमाणे :

दंड : काम, उमेद, पुढाकार, नव्या गोष्टीची सुरुवात.

पेले : भावना, नाती, आनंद आणि दुःख.

तलवारी : विचार, निर्णय, वाद, मनाला लागलेला घोर.

नाणी : पैसा, शरीर, घर, जमीन आणि हातचे कसब.

७८ पानांचे ७८ अर्थ घोकण्याची गरज सुरुवातीला नाही. चार रंगांचे संकेत आणि एक ते दहा आकड्यांचा क्रम एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. एक्का म्हणजे आरंभ, पंजी म्हणजे मध्येच आलेली अडचण, दश्शी म्हणजे पूर्णत्व किंवा ओझे, अशी ढोबळ विभागणी पुरते. पेल्यांची पंजी काढून पाहावी. काळा अंगरखा घेतलेला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे मान खाली घालून पाहतो आहे. पाठीमागे दोन पेले उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. नदीवर पूल आहे, पलीकडे घर आहे. नुकसान झाले आहे, पण सगळे गेलेले नाही, हा अर्थ पुस्तक न उघडताही चित्रातून उमगतो.

पत्ते हाती घेताना

नवा कॅट उघडल्यावर प्रथम पाने मोजावीत आणि रंगवार लावून सर्व ७८ असल्याची खात्री करावी. सोबत जाहिरातीची किंवा कोरी एक-दोन पाने असतात, ती बाजूला काढावीत. नंतर प्रत्येक पान एकेक करून सावकाश पाहावे. घाई असल्यास हा उद्योग आरंभूच नये.

टॅरोची पाने नेहमीच्या पत्त्यांपेक्षा आकाराने मोठी असल्याने एका हातात मावत नाहीत. ती आडवी धरून, थोडी थोडी वरून काढून खाली सोडत पिसावीत. दोन गठ्ठे वाकवून एकमेकांत फर्रकन मिसळण्याची सवय असेल तर ती येथे आवरावी, कारण त्याने कडा लवकर झिजतात आणि झिजलेले पान ओळखू येऊ लागते. लहान हातांच्या व्यक्तींनी स्वच्छ कापडावर सगळी पाने पालथी पसरून दोन्ही तळव्यांनी गोल फिरवत मिसळली तरी चालतात. पिसून झाल्यावर गठ्ठ्याचे तीन भाग करून ते उलटसुलट क्रमाने एकावर एक ठेवावेत आणि वरून पाने काढावीत. हात कोरडे व स्वच्छ असावेत आणि वापर झाल्यावर पाने डबीत किंवा सुती पिशवीत ठेवावीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खिडकीच्या उन्हात पडून राहिलेली पाने वाकतात, हेही लक्षात ठेवावे.

पहिला कॅट स्वतः विकत घेऊ नये, तो भेटच मिळावा. दुसऱ्याचा हात लागू देऊ नये. रेशमी वस्त्रातच गुंडाळावा. चांदण्यात ठेवून 'शुद्ध' करावा, असे अनेक नियम सांगितले जातात. यांतील एकालाही ऐतिहासिक आधार नाही. ज्याला त्यातून मनाची एकाग्रता लाभते त्याने ते खुशाल पाळावेत. मात्र ते न पाळल्याने अनिष्ट घडेल ही भीती मनातून काढून टाकावी. 'शुद्धीकरणा'साठी निराळे पैसे मागणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

प्रश्न विचारण्याची कला

टॅरोवाचनातील अवघड भाग पाने ओळखण्याचा नसून प्रश्न मांडण्याचा आहे. 'माझे लग्न कधी होईल?', 'नोकरी लागेल का?', 'यंदा पाऊस पडेल का?' या प्रश्नांना तारीख किंवा होय-नाही हवे असते आणि ते देण्याची कोणतीही क्षमता छापील कागदात नाही. ज्याचे उत्तर आपल्या वागण्यात दडलेले आहे असा प्रश्न हवा. 'नोकरी लागेल का?' याऐवजी 'मुलाखतीची तयारी करताना मी काय टाळतो आहे?' असे विचारावे. 'ती परत येईल का?' याऐवजी 'या नात्यात माझ्याकडून काय राहून गेले?' असे विचारावे. प्रश्न वहीत लिहून काढावा. लिहिताना तो आपोआप नेमका होतो आणि पाने उलगडल्यावर सोयीनुसार बदलता येत नाही.

तीन पानांची मांडणी

वेट यांच्या १९११ सालच्या पुस्तकात दिलेली दहा पानांची क्रुसाकार मांडणी प्रसिद्ध आहे. परंतु नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पहिले काही आठवडे रोज एकच पान काढावे. पुस्तक बंद ठेवून चित्रात काय दिसते ते चार ओळींत लिहावे, मग पुस्तकातील अर्थ वाचावा, आणि रात्री दिवसाचा आढावा घेताना पुन्हा त्या पानाकडे पाहावे. उलटे आलेले पान सुरुवातीला सरळ करून घ्यावे. उलट-सुलट अर्थांचा गुंता नंतर सोडवता येतो.

त्यानंतर तीन पानांची मांडणी घ्यावी. भूत, वर्तमान, भविष्य अशी तिची रूढ नावे आहेत; त्यांऐवजी 'परिस्थिती, अडसर, पुढचे पाऊल' ही नावे अधिक उपयोगी पडतात. ७८ पानांतून तीन पाने क्रमाने काढण्याचे ४ लाख ५६ हजार ४५६ प्रकार संभवतात. त्यामुळे पुस्तकातील तयार अर्थांवर विसंबून भागत नाही. तीन चित्रांना जोडणारे सूत्र वाचणाऱ्यालाच शोधावे लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरात कंपनीत नोकरी करणारा एक तरुण अंबड तालुक्यातील आपल्या गावी परतून वडिलांची मोसंबीची बाग पाहावी का, या विचारात आहे. 'परत जावे का?' हा त्याचा प्रश्न आपण 'परत जाण्यापूर्वी मी काय पाहिलेले नाही?' असा करून घेतो. परिस्थितीच्या जागी येते नाण्यांची सत्ती : कुदळीच्या दांड्यावर टेकून एक शेतकरी आपल्या वेलीला लागलेल्या नाण्यांकडे पाहतो आहे. पीक आहे, पण चेहऱ्यावर समाधान नाही. केलेल्या कष्टांचा हिशेब चालू आहे. अडसराच्या जागी तलवारींची दुर्री : डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री छातीशी दोन तलवारी धरून बसली आहे आणि तिच्यामागे पाणी पसरले आहे. पुढच्या पावलाच्या जागी नाण्यांची तिर्री : गवंडी कमानीखाली काम करतो आहे आणि आराखडा हाती घेतलेले दोघे त्याच्याशी बोलत आहेत.

येथे घाईने 'शेतीत यश आहे' किंवा 'संकट आहे' असे सांगून मोकळे होणे हे वाईट वाचन होय. चांगला वाचक प्रश्न विचारतो. हिशेब मांडला आहे का? डोळ्यांवरची पट्टी कोणती? विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी असते हे गेल्या काही वर्षांत त्याने स्वतः पाहिले आहे की वडिलांच्या फोनवरच्या बोलण्यावरून धरून चालला आहे? आराखडा घेऊन कोणाजवळ बसायला हवे? तरुण वाचनानंतर उठतो तेव्हा त्याच्या वहीत तीन कामे असतात : विहिरीची पातळी आणि बागेचा खर्च लिहून काढणे, वडिलांना त्यांची स्वतःची इच्छा विचारणे, आणि जाणकाराला बाग दाखवणे. पानांनी त्याला भविष्य सांगितले नाही. जे पाहायचे तो टाळत होता, त्यावर बोट ठेवले. टॅरोची खरी कुवत एवढीच, आणि ती थोडी नाही.

वाचन खरे का वाटते?

'अगदी माझ्याच मनातले सांगितले', असा अनुभव अनेकांना येतो. त्यामागचे कारण मानसशास्त्राने शोधले आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातील बरीचशी वाक्ये बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. 'आपण बाहेरून खंबीर दिसता, पण आत काळजी करता', या धाटणीचे वाक्य कोणाला लागू पडत नाही?

याखेरीज समोरच्याचा पेहराव, वय, गळ्यातले मंगळसूत्र, बोलताना भरून आलेला आवाज यांवरून वाचणारा कळत-नकळत अंदाज बांधतो, आणि ऐकणारा जुळलेले तेवढे लक्षात ठेवून न जुळलेले विसरतो. यावर नवशिक्यासाठी एकच उपाय आहे, वही. वाचनाच्या दिवशी काय म्हटले ते तारखेसह लिहावे, दोन महिन्यांनी उघडून चुकलेलेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावे. अशी वही ठेवणाऱ्याचा भविष्यवेत्तेपणाचा गर्व टिकत नाही आणि निरीक्षण मात्र सुधारते.

दुसऱ्यासाठी वाचताना

मित्र-नातेवाइकांना सुगावा लागला की ते पुढ्यात येऊन बसतात. येथून जबाबदारी सुरू होते. तेरावे पान 'मृत्यू' हे त्याचे उदाहरण. काळ्या चिलखतातील सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून येतो आहे, राजा जमिनीवर पडला आहे. पण क्षितिजावर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्यही आहे. रूढ वाचनात याचा अर्थ एका पर्वाचा शेवट आणि बदल असा घेतात. घरात आजारी माणूस असलेल्या स्त्रीसमोर हे पान उलगडले आणि वाचणाऱ्याचा चेहरा पडला, तर तिची त्या रात्रीची झोप उडवल्याचे पाप पानाचे नसते, वाचणाऱ्याचे असते. म्हणून काही नियम प्रथमपासून पाळावेत. आजार, गर्भ, मृत्यू, कोर्टातील निकाल, सट्टा आणि हरवलेल्या व्यक्ती यांविषयी पाने काढू नयेत. गैरहजर माणसाच्या मनात काय आहे हे सांगू नये. एकच प्रश्न मनासारखे पान येईपर्यंत पुनःपुन्हा काढू देऊ नये. समोरची व्यक्ती खचलेली असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर पत्ते मिटवून तिच्याजवळ बसावे आणि '१४४१६' या टेलिमानस सेवेच्या मोफत क्रमांकावर बोलण्यास तिला मदत करावी.

कायद्याचेही भान हवे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. या कायद्याने ज्योतिषसल्ल्यावर सरसकट बंदी घातलेली नाही. परंतु अंगी अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून लोकांत भीती पसरवणे, चमत्काराच्या नावाखाली फसवणे आणि पैसे उकळणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. 'तुमच्यावर कोणी करणी केली आहे, उतरवायला इतके लागतील', हे वाक्य पत्ते समोर ठेवून उच्चारले म्हणून निरुपद्रवी होत नाही.

पाऊस पत्त्यांना विचारू नये

शेवटी पुन्हा जालन्याकडे येऊ. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा बियाणे उद्योगासाठी, पोलादाच्या कारखान्यांसाठी आणि मोसंबीसाठी ओळखला जातो. त्याची दुखरी नस पाणी हीच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. अशा भूमीत माणूस खुणांकडे वळतो यात नवल नाही आणि त्याची टिंगल करण्याचाही अधिकार कोणाला नाही. ज्याच्या हातात काही उरलेले नसते, त्याला निदान उद्याचे कळावेसे वाटते.

पण त्याच दुष्काळात जालना तालुक्यातील कडवंची हे गाव द्राक्षबागांसह तगून राहिले, ते कोणत्या मांडणीमुळे नव्हे. १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली तेथे पाणलोटाची कामे झाली. बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी झाली, आणि पडणारे पाणी शिवारातच अडले. यंदा पाऊस किती पडेल, हे गावकऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पडेल तेवढ्याचे काय करायचे, हे त्यांनी ठरवून ठेवले होते. टॅरो शिकणाऱ्याने प्रश्नांची विभागणी याच धर्तीवर करावी. पाऊस, बाजारभाव, रोगनिदान, निकाल हे प्रश्न हवामान खात्याकडे, कृषी तज्ज्ञाकडे, डॉक्टरकडे आणि वकिलाकडे न्यावेत. मला कशाची भीती वाटते, मी काय लांबणीवर टाकतो आहे, कोणाशी बोलायचे राहिले आहे, हे प्रश्न पत्त्यांपुढे मांडायला हरकत नाही. कारण त्यांची उत्तरे पानावर नसून पाहणाऱ्याजवळच असतात.

कॅट पिसावा, एक पान उलगडावे, चित्र नीट पाहावे, दिसले ते लिहावे आणि वही मिटून उठावे. पुढचे काम पत्त्यांचे नाही.